रविवार पेठेतल्या मालाच्या टेम्पोंचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळी ते मोती चौक या पट्ट्यात मालाचे टेम्पो दुहेरी ओळीत उभे राहतात, गिऱ्हाईक वैतागतं, पोलीस जॅमर लावतात आणि व्यापारी मंडळात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, दिवसा मालाच्या गाड्यांना सरसकट बंदी मागू, माल रात्री उतरवू. दुसरा म्हणतो, शहराबाहेर एक मोठं गोदाम महापालिकेकडे मागू, तिथून छोट्या गाड्यांनी माल आणू. पोलिसांना द्यायच्या निवेदनात नेमकं काय लिहावं, हे तुम्ही विचारलंय.

मालवाहतुकीच्या नियोजनात बरीच वर्षं काढली, त्यातली बरीच पेठांमध्ये. माझं मत स्पष्ट आहे: आधी या दोन्हींपैकी काहीच मागू नका. गाड्या उभ्या करायला ठरलेली जागा मागा, आणि त्या जागेवर गाडी किती मिनिटं थांबेल याची हमी मंडळाने स्वतः द्या. पेठेत गाड्या किती येतात यापेक्षा एक गाडी किती वेळ उभी राहते, यावर रस्ता तुंबणं ठरतं.

साधं गणित करून बघा. समजा एका गल्लीत तासाला २४ टेम्पो येतात आणि प्रत्येक जण २५ मिनिटं थांबतो. म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी १० टेम्पो तिथे उभे असणार. त्यासाठी १३-१४ गाड्यांची जागा लागेल, कारण टेम्पो काही ठरावीक अंतराने येत नाहीत, कधी तीन एकदम येतात. आता टेम्पो तितकेच ठेवा, पण थांबण्याचा वेळ १५ मिनिटांवर आणा. उभ्या गाड्या सहावर येतात आणि आठ जागांमध्ये काम भागतं. पिकअपला पुढे-मागे वळायला धरून साधारण ६ मीटर लांबी लागते. आठ जागा म्हणजे रस्त्याची जेमतेम ५० मीटर कडा. बोहरी आळीसारख्या ठिकाणी सलग ५० मीटर मिळणार नाहीत, पण दोन-दोन, तीन-तीन जागांचे तुकडे करून बसवता येतात. १३-१४ जागांना लागणारे ८० मीटर मात्र कुठल्याच प्रकारे बसत नाहीत. म्हणून दहा मिनिटं वाचवण्याला मी इतकं महत्त्व देतो.

ती दहा मिनिटं जातात कुठे? गल्लीत घड्याळ घेऊन उभं राहिलं की कळतं, पोती-खोकी प्रत्यक्ष उचलण्यात वेळ फार कमी जातो. टेम्पो येतो, चालक फोन लावतो, दुकानातला माणूस आत गिऱ्हाइकात गुंतलेला. मग हमाल शोधायचा. हमाल आला की भावाची घासाघीस. माल अर्धा उतरल्यावर मोजणी, एक खोकं कमी भरतं, बिल्टीशी, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीशी, पुन्हा ताळा. मग चलनावर सही-शिक्क्यासाठी शेठ कुठे गेले त्याचा शोध. मागच्या फेरीचं भाडं राहिलं असेल तर तेही तिथेच. हे सगळं होईपर्यंत गाडी रस्त्यावर. यातलं जवळजवळ प्रत्येक काम गाडी यायच्या आधी किंवा गेल्यानंतर करता येतं आणि त्यासाठी महापालिकेची, पोलिसांची, कुणाचीच परवानगी लागत नाही.

मंडळाने ठराव करून पाच गोष्टी लागू कराव्यात. चालकाने फडके हौदाच्या अलीकडूनच फोन करायचा. प्रत्येक दुकानाने माल घेणारा एक माणूस नेमायचा, सहीचा अधिकार त्यालाच. मोजणी नगांची, आतला तपशील नंतर तपासायचा, तूट निघाली तर त्याच दिवशी कळवायची आणि ट्रान्सपोर्टवाल्याने ती मान्य करायची. भाडं महिन्याच्या हिशोबात, रस्त्यावर रोख व्यवहार नाही. आणि पाचवी, सगळ्यात परिणामकारक: माल उतरवायच्या जागेवर हमालांची टोळी ठरलेल्या वेळी हजर, दर आधी ठरलेला.

या पाचव्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण आराखडे इथेच फसतात. कागदावर आराखडा करणारे गाडी, रस्ता, पाटी या सगळ्याचा विचार करतात आणि माल ज्याच्या पाठीवरून जातो त्याला विचारतच नाहीत. पुण्यात तर हे अजिबात चालणार नाही. बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत ही हमालांची संघटना या शहरात आहे, हमालांना संरक्षण देणारा १९६९ चा माथाडी कायदा या राज्यात आहे. तुम्ही माल उतरवायची जागा दुकानापासून ५० मीटरवर नेता, म्हणजे हमालाची प्रत्येक फेरी लांबवता. त्याची मजुरी वाढली पाहिजे किंवा त्याला चांगली ढकलगाडी आणि फुटपाथवर चढायला उतार मिळाला पाहिजे. खरं तर दोन्ही. चौकाचौकात फुटपाथची पायरी इतकी उंच की भरलेली ट्रॉली चढत नाही, मग ती रस्त्यातूनच जाते आणि मागे रिक्षा खोळंबते. उतार करायला महापालिकेला फार खर्च नाही. निवेदनात जागांच्या मागणीबरोबर उतारांची मागणी अवश्य लिहा. आणि निवेदन द्यायच्या आधी हमालांच्या प्रतिनिधींना बैठकीला बोलवा. ठराव झाल्यावर नुसतं कळवू नका.

आता एक गोष्ट तुमच्या सभासदांना आवडणार नाही, पण सांगितलीच पाहिजे. सकाळी दहा वाजता दुकानांसमोर ज्या दुचाकी लागतात आणि रात्री नऊला निघतात, त्या गिऱ्हाइकांच्या नसतात. त्या दुकानदारांच्या आणि नोकरांच्या असतात. टेम्पो दुहेरी ओळीत उभा राहतो, कारण पहिली ओळ दिवसभर याच गाड्यांनी भरलेली असते. पी-१, पी-२ च्या पाट्यांनी यात फरक पडत नाही. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला, पण दिवसभर तीच गाडी. एका टेम्पोच्या जागेसाठी सहा-आठ दुचाकी हलवाव्या लागतील. त्या मंडईतल्या मिसाळ वाहनतळावर किंवा बाबू गेनू वाहनतळावर जाऊ शकतात. मंडळाने एकत्रित मासिक पासची बोलणी करावी. शिवाय २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत धावतेय, मंडई आणि कसबा पेठ अशी दोन स्थानकं तुमच्या चालण्याच्या अंतरावर आहेत. नोकरवर्गापैकी काही जणांनी मेट्रोने यायला सुरुवात केली आणि मंडळाने त्यांच्या तिकिटाला थोडा हातभार लावला, तर तो पैसा वाया जाणार नाही. व्यापाऱ्यांनी आपल्या गाड्या आधी हलवल्या, तर पोलिसांसमोर बोलताना तुमच्या शब्दाला जे वजन येईल, ते दुसऱ्या कशाने येणार नाही.

तरी मोकळी जागा दिसली की तिथे पाच मिनिटांत स्कूटर लागणार, हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. नुसती पिवळी रेघ मारून माल उतरवायची जागा टिकत नाही. जागेवर माणूस हवा. मंडळाच्या खर्चाने दोन पाळ्यांत दोन माणसं ठेवा, गणवेश द्या, त्यांचं काम एवढंच: दुचाकी लागू न देणं, टेम्पोला जागा दाखवणं, आल्याची आणि गेल्याची वेळ वहीत लिहिणं. दंडाचा अधिकार त्यांना नसतो आणि नसावा, तो पोलिसांचाच. संध्याकाळी पाचनंतर हीच जागा गिऱ्हाइकांच्या दुचाकींना खुली करा. एकच कडा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामाला वापरणं, हे दाट बाजारपेठेत जवळजवळ अनिवार्य आहे, कारण नवी जागा तयार होणार नाही.

वेळा कोणत्या? रात्रीच्या प्रस्तावाकडे इथे येतो.

रात्री माल उतरवायला कायद्याची मोठी आडकाठी नाही. २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा दिलेली आहे. अडचण वेगळी आहे. तुमच्या पेठेत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरलीय; व्यापारी भागात ५५ डेसिबल आणि रहिवासी भागात ४५ डेसिबल ही त्या वेळची मर्यादा. शटर वर करणं, फाळका आपटणं, पत्र्याचे डबे उतरवणं, रिव्हर्सचा भोंगा, हे त्या मर्यादेत बसत नाही. वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आहेत. त्यांची झोप मोडून बाजार मोकळा करणं मला पटत नाही, आणि आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या की पोलीस परवानगी काढून घेतील.

न्यूयॉर्कमध्ये २००९-१० मध्ये मॅनहॅटनच्या दुकानांवर अवेळी माल पोचवण्याचा एक गाजलेला प्रयोग झाला. ट्रकवाले रात्री यायला तयारच होते, त्यांना रस्ता मोकळा मिळत होता. अडत होतं ते माल घेणाऱ्याशी, कारण रात्री दुकानात माणूस ठेवायचा खर्च त्याचा. प्रोत्साहनाची रक्कम थांबल्यावर बरेच जण दिवसाकडे परतले. टिकले ते मुख्यतः ज्यांनी चालकाला किल्ली देऊन आपल्या गैरहजेरीत माल ठेवायची सोय केली होती. तुमच्या इथे चालकाच्या हाती दुकानाची किल्ली कुणी देणार नाही, हे मी गृहीत धरतो. पण मंडळाच्या मालकीचा एखादा गाळा, त्यात जाळीचे कप्पे, एक रखवालदार आणि कॅमेरा, एवढं जमलं तर कापड, स्टेशनरी, पॅकिंगचं सामान असा आवाज न करणारा माल उशिरा येऊन तिथे पडू शकतो. सकाळी हमाल तो दुकानांत वाटतील. भांडी आळीच्या मालाला हे चालणार नाही, आवाजामुळेच.

म्हणून मुख्य वेळ मी सकाळची सुचवतो: सव्वासहा ते साडेनऊ. गिऱ्हाईक नाही, शाळांच्या रिक्षा-व्हॅन सोडल्या तर रहदारी कमी, आणि भिवंडीहून किंवा चाकणहून रात्री निघालेला माल पहाटेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या गोदामात आलेला असतो. दुकान दहाला उघडतं ही अडचण खरी आहे. सगळ्यांनी सहाला यायची गरज नाही; आळीतल्या पाच-सहा दुकानांनी मिळून एक विश्वासू माणूस लवकर बोलवावा, पाळीपाळीने.

दुसरी वेळ दुपारची, दीड ते चार. पेठांमधल्या दुकानांत दुपारी गिऱ्हाईक अजूनही विरळ असतं, शिवाजी रस्त्यावरची रहदारीही त्या मानाने सुसह्य असते. दुपारी दुकान मिटायची पुण्याची जुनी सवय तुम्हाला इथे कामी येईल. शटर अर्धं ओढून माल आत घ्यायला हा वेळ उत्तम आहे. साडेचारनंतर मात्र एकही मालाची गाडी आळीत नको, निदान मोठी नाहीच. संध्याकाळी गल्लीत येणारा प्रत्येक टेम्पो पायी चालणाऱ्या बाईला, म्हाताऱ्याला, मुलाला रस्त्याच्या मध्यावर ढकलतो. हातात पिशव्या, काखेत पोर, मागून हॉर्न. ज्या बाजारात माणसाला निवांत चालता येत नाही, तो बाजार हळूहळू गिऱ्हाईक गमावतो. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून डिसेंबरात पादचारी दिन होतो, त्या दिवशी तिथे जरूर फेरफटका मारा. गाड्या नसताना लोक दुकानांच्या काचांसमोर किती वेळ रेंगाळतात ते बघा आणि सभासदांना दाखवा.

हे सगळं येणाऱ्या मालाचं. घाऊक पेठेत जाणारा मालही तितकाच असतो, तो बहुतेक आराखड्यांतून सुटतो. सासवड, भोर, शिरूरहून किरकोळ दुकानदार येतो, चार दुकानांत खरेदी करतो आणि सगळं गोळा करून एका छोट्या हत्तीत भरतो. तो छोटा हत्ती चार दुकानांसमोर चार वेळा थांबतो. त्याला एकाच ठिकाणी उभं करून चारही दुकानांचा माल हातगाडीने तिथे पोचवा. ही सेवा हमालांच्या टोळीने ठरलेल्या दराने द्यावी. सकाळ-दुपारच्या मधल्या वेळेत त्यांना काम मिळेल.

बाहेरच्या गोदामाबद्दल. कल्पना चूक नाही, पण तुम्ही सुचवताय तो क्रम चूक आहे. महापालिकेने जागा द्यायची, बांधायचं, चालवायचं, यात वर्षं जातील आणि मधल्या काळात तुमचे टेम्पो तिथेच. शिवाय मोठ्या ट्रकमधून माल उतरवून छोट्या गाडीत भरायचं काम आजही होतंच आहे, गुलटेकडीच्या आसपास आणि नाना-भवानी पेठांतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांत. फरक इतकाच की प्रत्येक ट्रान्सपोर्टवाला आपापला टेम्पो पाठवतो, आणि कित्येकदा तो अर्धाच भरलेला असतो. एकाच आळीत चार ट्रान्सपोर्टचे चार टेम्पो तासाभरात येतात. त्यांना एकत्र बसवा आणि आळीनुसार फेरी वाटून घ्यायला सांगा. बोहरी आळीचा माल एकाच्या टेम्पोत, कापडगंजचा दुसऱ्याच्या. कुणी म्हणेल की गाडी बदलली तर ई-वे बिलाचा, म्हणजे जीएसटीखालच्या मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याचा, घोळ होईल. नियमात याची सोय आहे: राज्यातल्या राज्यात, ट्रान्सपोर्टवाल्याच्या ठिकाणाहून माल घेणाऱ्याच्या ठिकाणापर्यंतचं अंतर ५० किलोमीटरपर्यंत असेल, तर ई-वे बिलावर गाडीचा तपशील बदलण्याची सक्ती नाही. तरी तुमच्या कर सल्लागाराकडून एकदा खात्री करून घ्या. काच, टाइल्स, सॅनिटरीचा माल मात्र या एकत्रीकरणातून वगळा. एक वेळ जास्त हाताळणी म्हणजे तेवढी जास्त तूटफूट, आणि पहिल्याच महिन्यात भांडणं होतील.

विजेवरच्या तीनचाकी गाड्यांचा आग्रह तुमच्यापैकी काही तरुण सभासद धरतायत. जरूर घ्या, आवाज आणि धूर कमी होईल, सकाळी लवकरच्या फेऱ्यांना त्या फार उपयोगी आहेत. पण उभी राहिल्यावर विजेवरची गाडीही तितकीच जागा अडवते. टाटा एस, म्हणजे तोच छोटा हत्ती, २००५ साली आली, तेव्हापासून छोटी गाडी गल्लीत सहज शिरते म्हणून मोठ्या गाडीच्या एका फेरीच्या तीन-चार फेऱ्या झाल्या. मोठी गाडी ठरलेल्या जागी सकाळी वीस मिनिटं थांबून जाणं, हे दिवसभर चार छोट्या गाड्या फिरण्यापेक्षा बरं असतं. सरसकट 'मोठी गाडी नको' असं निवेदनात लिहू नका. चौकातलं वळण जिला झेपतं ती गाडी सकाळच्या वेळेत येऊ द्या.

जॅमरबद्दल पोलिसांशी नम्रपणे पण ठामपणे बोला. गल्लीच्या मध्यावर उभ्या टेम्पोला जॅमर लावला की दहा मिनिटांत जाणारी गाडी तासभर रस्ता अडवून बसते. शिक्षा टेम्पोवाल्यापेक्षा मागच्या शंभर जणांना होते. फोटो काढून ई-चलन करावं आणि गाडी ताबडतोब हलवायला लावावी, हीच विनंती करा. त्याबरोबर हेही सांगा की ठरलेली जागा रिकामी असताना बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीसाठी मंडळ रदबदली करणार नाही. हे दुसरं वाक्य नसेल तर पहिलं ऐकलं जाणार नाही.

निवेदन कुणाला द्यायचं? गाड्यांवर वेळेचे निर्बंध घालण्याचा आदेश मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली निघतो आणि पुण्यात तो वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात. गाड्या उभ्या करायच्या जागा कलम ११७ खाली ठरतात. पाट्या, पट्टे, फुटपाथचे उतार महापालिकेच्या पथ विभागाकडे. दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच नकाशासह अर्ज द्या, नाहीतर आदेश निघतो आणि पाटी येत नाही, किंवा पाटी लागते आणि आदेशच नसतो. कलम ११५ मध्ये एक उपयोगी तरतूद आहे: निर्बंध एका महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्रातली अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून 'प्रायोगिक तत्त्वावर एक महिना' असं मागा. एका महिन्यासाठी हो म्हणणं कुठल्याही अधिकाऱ्याला सोपं जातं. पुढे कायमचा आदेश काढताना हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा मांडायला तुमच्या हाती महिन्याभराच्या नोंदी असतील.

त्या नोंदींची सुरुवात प्रयोगाच्या आधीच करा. एक साधा कामाचा दिवस आणि एक शनिवार, सकाळी सात ते रात्री नऊ. अभियांत्रिकीची मुलं प्रत्येक शंभर मीटरवर उभी करा. गाडीचा प्रकार, क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, आली कधी, गेली कधी, कुठल्या दुकानाचा माल, आणि गाडी कडेला होती की रस्त्यावर. एवढंच लिहायचं. हा तक्ता अर्जाला जोडला की 'फार गर्दी होते' या वाक्याची गरज उरत नाही.

प्रयोगाचा महिना नीट निवडा. श्रावण-भाद्रपदात बिलकुल नको: सजावटीचा, पूजेचा माल सर्वाधिक तेव्हाच येतो आणि मांडवांमुळे रस्ते तेव्हाच अरुंद होतात. दिवाळीच्या आधीही नको. पौषात लग्नं नसतात, बाजार थोडा शांत असतो, सकाळी लवकर यायला थंडीमुळे कुरकुर होईल तेवढीच. तेव्हा सुरू करा, फाल्गुनापर्यंत चुका दुरुस्त करा. गणपतीसाठी वेगळा आराखडा त्यानंतर करावा लागेल. त्यात रात्रीची वेळ काही दिवस घ्यावीच लागेल आणि त्यासाठी वर राहणाऱ्या रहिवाशांशी आत्तापासून बोलायला लागा.

नकाशा काढताना दोन गोष्टी सांभाळा. माल उतरवायची जागा चौकाच्या अगदी तोंडाशी ठेवू नका, वळणाऱ्या पीएमपी बसला आणि अग्निशमनच्या बंबाला वाव हवा. आणि नदीपात्रातल्या रस्त्यावर टेम्पो थांबवायची सूचना बैठकीत कुणीतरी करेलच, ती मान्य करू नका. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो रस्ता बंद होतो, आणि भरलेला टेम्पो तिथे अडकला तर माल आणि माणूस दोन्ही धोक्यात. मोती चौकाच्या अलीकडे तीन आणि फडके हौदाच्या बाजूला दोन जागा सुचवून पहिला मसुदा करा, रुंदी टेपने मोजा, आणि तो मसुदा हमाल, ट्रान्सपोर्टवाले, रहिवासी या तिघांना दाखवूनच अर्जाला जोडा.